कंझर्व्हेटरीच्या वरची पन्हळ सुरक्षितपणे कशी साफ करावी? ब्रिटनमधल्या मराठी घरांसाठी प्रश्नोत्तरं

ब्रिटनमध्ये घर घेतलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांना मागच्या बाजूला कंझर्व्हेटरी आयती मिळते. आधीच्या मालकाने बांधलेली, काचेच्या भिंतींची, वर पॉलिकार्बोनेटचं किंवा काचेचं उतरतं छप्पर. खोली फार कामाची असते. अडचण असते ती तिच्या डोक्यावर. घराच्या मुख्य छपराची पन्हळ, जिला इथे सगळे गटर म्हणतात, नेमकी तिच्या वरून जाते आणि तिथवर शिडी लावायला जागाच उरत नाही. मग पन्हळ वर्षानुवर्षं तशीच राहते, किंवा एखाद्या रविवारी कुणीतरी धाडस करतं. ते धाडस कुणी करू नये आणि पन्हळही तुंबू नये, म्हणून ही प्रश्नोत्तरं.

कंझर्व्हेटरीच्या छपरावर पाय ठेवला तर खरंच काही होतं का?

होतं. त्या छपरावर माणसाने उभं राहावं, असा विचार ते बनवताना कुणी केलेलाच नसतो.

पॉलिकार्बोनेटचा पत्रा जवळून पाहा. बाहेरून जाड दिसला तरी आतून पोकळ असतो. पातळ थर आणि त्यांच्यामध्ये उभे कप्पे, एवढंच. जाडी साधारण १६, २५ किंवा ३५ मिलिमीटर. हा पत्रा दोन्ही कडांना प्लास्टिकच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये रबराच्या सीलने धरलेला असतो. मधोमध पाय पडला की तो वाकतो, वाकला की कड पट्टीतून निसटते आणि पत्र्यासकट माणूस खालच्या फरशीवर येतो. म्हणजे पत्रा फुटायलाच हवा असंही नाही. त्यातून वर्षानुवर्षं ऊन खाऊन पिवळा पडलेला पत्रा ठिसूळ झालेला असतो, तो सरळ तडकतो.

काचेचं छप्पर असलं तरी उत्तर तेच. टफन्ड काच मजबूत असते हे खरं, पण ती चालण्यासाठी बसवलेली नसते. आणि कोपऱ्यावर एखादं हत्यार पडलं तर क्षणात तिचा चुरा होतो.

पण हिवाळ्यात त्याच छपरावर बर्फ साचतो, तेव्हा काही होत नाही. मग माणसाचं वजन का चालत नाही?

हा प्रश्न आपल्या इंजिनिअर मंडळींकडून हमखास येतो, आणि तो रास्त आहे. बर्फाचं वजन सगळ्या छपरावर सारखं पसरतं. ७५ किलोचा माणूस पाऊल टाकतो तेव्हा ते सगळं वजन एका टाचेइतक्या जागेवर येतं, आणि चालताना ते हलतं, आदळतं. छपराचा हिशोब पसरलेल्या वजनाचा केलेला असतो.

आडवी फळी टाकली तर वजन पसरेल ना?

नाही, टाकू नका. फळी कुठल्या पट्ट्यांवर टेकली आहे, त्या पट्ट्या किती वजन झेलतात, उतारावर ती घसरणार कशी नाही, यातलं काहीच आपल्याला वरून कळत नाही. पट्ट्यांवर वजन वाटून देणाऱ्या खास शिड्या व्यावसायिक वापरतात. पण त्यासाठी ते छप्पर कुठल्या बनावटीचं आहे आणि त्याला अशी शिडी चालते का, हे आधी माहीत असावं लागतं. घरच्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

शिडी कंझर्व्हेटरीच्या बाहेर ठेवून तिरकी लावली तर पोहोचता येईल का?

पोहोचता येईल, आणि अपघातही तिथेच होईल. शिडीचा नियम चारास एक असा आहे. वर ४ मीटर चढायचं असेल तर पाया भिंतीपासून १ मीटर लांब. कोन साधारण ७५ अंशांचा येतो.

आता दुमजली घराचं गणित मांडा. पन्हळ जमिनीपासून ५ मीटरच्या आसपास असते. नियमाप्रमाणे पाया सव्वा मीटरवर हवा. पण कंझर्व्हेटरी भिंतीपासून साडेतीन मीटर बाहेर आलेली असेल, तर पाया त्याच्याही पलीकडे ठेवावा लागतो. कोन होतो जेमतेम ५५ अंश. अशी शिडी मधोमध लवते आणि तिचे पाय मागे सरकू लागतात. खाली कुणी धरून उभं असलं तरी एकदा सरकू लागलेली शिडी माणसाच्या हाताने थांबत नाही. आणि तुम्ही पडाल ते कंझर्व्हेटरीच्या छपरावर.

शिडी कंझर्व्हेटरीच्या चौकटीला किंवा छपराला टेकवली तर?

नाही. ब्रिटनची सरकारी सुरक्षासंस्था हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह स्पष्ट सांगते की शिडी काचेला किंवा प्लास्टिकच्या पन्हळीला टेकवू नये. कंझर्व्हेटरी म्हणजे वरपासून खालपर्यंत या दोनच गोष्टी.

वरच्या मजल्याच्या खिडकीतून हात पोहोचतो. तिथून करावं का?

खिडकीच्या चौकटीवर बसून, पाठ बाहेर करून वर हात घालणं हा प्रकार फार लोक करतात, कारण खोली ओळखीची असते आणि भीती वाटत नाही. करू नका. पन्हळ खिडकीच्या वर असते, म्हणजे शरीराचा अर्ध्याहून अधिक भार बाहेर जातो. ओल्या गाळाचा एक गोळा अचानक सुटून हातात आला तरी तोल जायला तेवढं पुरतं.

खिडकीचा उपयोग पाहण्यापुरता करा. दोन्ही पाय खोलीच्या जमिनीवर, आणि सेल्फी स्टिकला मोबाइल लावून व्हिडिओ काढा. पन्हळीत पाणी साचलंय का, पाचोळा किती, शेवाळ किती, हे एका मिनिटात दिसतं. मोबाइल नीट अडकवा, खाली काच आहे.

मग जमिनीवरून साफ करायचा मार्ग कोणता?

गटर व्हॅक. ओला-सुका कचरा खेचणारा ताकदवान व्हॅक्यूम, त्याला जोडलेल्या हलक्या पोकळ काठ्या, टोकाला आकड्यासारखी वळलेली नळी आणि शक्य असेल तर तिथे छोटा कॅमेरा. माणूस जमिनीवर उभा राहतो, नळीचं तोंड वर पन्हळीत उतरतं आणि गाळ काठीतून खाली पिंपात येतो. कंझर्व्हेटरीला कुणी हातही लावत नाही. माझ्या मते दहापैकी नऊ घरांना हाच मार्ग योग्य आहे. यंत्र भाड्याने मिळतं, पण पहिल्यांदा तरी ते रोज वापरणाऱ्या माणसाकडून काम करून घ्यावं. पाच-सहा मीटरची काठी डोक्याच्या वर तोलून धरण्याचं कसब एका दुपारी येत नाही, आणि मान-खांदे चांगलेच भरून येतात.

स्वतः करणारच असाल तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. उभं राहण्याची जागा आधी ठरवा. कंझर्व्हेटरीने घराची सगळी रुंदी व्यापलेली नसेल, तर तिच्या बाजूला उभं राहून काठी तिरपी नेणं समोरून नेण्यापेक्षा सोपं जातं. काठ्या आडव्या जोडून एकदम उभ्या करू नका, एकेक भाग वर चढवत न्या. कारण लांब काठी हातातून सुटली तर ती पत्र्यावरच येणार. वारा असेल तर त्या दिवशी काम नको. विजेची जोडणी आरसीडी (वीज गळताच पुरवठा तोडणारं उपकरण) असलेल्या सॉकेटमधूनच घ्या, कारण ओलं काम आणि वीज एकत्र आहेत. डोळ्यांवर चश्मा हवा, वरून रेती पडत राहते.

आणि वर पाहून घ्या. जुन्या वस्त्यांमध्ये विजेच्या तारा खांबावरून येऊन थेट घराच्या वळचणीला जोडलेल्या असतात. या काठ्या ॲल्युमिनियमच्या किंवा कार्बन फायबरच्या असतात आणि दोन्हींतून वीज वाहते. धातूच्या शिडीलाही हेच लागू. उघड्या तारांपासून आडवं ६ मीटर अंतर राखायचं असं सरकारी मार्गदर्शन आहे. अंतर राखता येत नसेल तर काम थांबवा आणि वीजवितरण कंपनीला विचारा.

गाळ ओला असताना व्हॅक चांगला चालतो, पण शेवाळाचे मोठे गोळे काठीच्या वळणात अडकतात. अडकलं की यंत्र बंद करून काठी खाली आणा. वरच्या वर आपटून मोकळी करायला जाऊ नका.

बागेच्या नळीला लावायची वाकडी लांब काठी मिळते, पाण्याने धुऊन काढायची. ती कशी आहे?

सुका पाचोळा थोडा असेल तर ठीक. जिथे शेवाळ आणि चिखल आहे तिथे ती सगळं ढकलत ढकलत डाउनपाइपच्या, म्हणजे पन्हळीचं पाणी खाली नेणाऱ्या उभ्या पाइपाच्या, तोंडाशी नेते आणि तिथेच गच्च बसवते. उरलेलं भिंतीवर आणि कंझर्व्हेटरीच्या छपरावर उडतं. शिवाय आपण नक्की काय धुतोय ते खालून दिसत नाही. व्हॅकने गाळ काढल्यावर शेवटी पाणी सोडून पाहायला मात्र ती उपयोगी पडते.

पन्हळीत एवढं असतं तरी काय?

पाचोळ्यापेक्षा बाकीचंच जास्त. पाच-सहा वर्षं न उपसलेल्या पन्हळीत सगळ्यात वर हिरवं शेवाळ असतं. पक्षी कौलांवरचं शेवाळ चोचीने उकरून टाकतात, ते गोळे घरंगळत येतात. त्याखाली पानांचा कुजून काळा झालेला चिखल, आणि तळाशी रेती. सिमेंटची कौलं जुनी झाली की त्यांचा वरचा थर झिजतो, ती ही रेती. ती वजनदार असते, पाण्याने हलत नाही, आणि तिच्यामुळेच प्लास्टिकची पन्हळ मधे लवते. त्या चिखलात सिकॅमोरची, बर्चची रोपं उगवलेली दिसतात. मुलांचा टेनिस बॉल डाउनपाइपच्या तोंडात अगदी चपखल बसलेला असतो, हेही अनेक घरांत निघतं.

कोकणात मे महिन्यात घर शाकारायला घेतलं की पन्हळीही उपसून होतात, आणि मग जूनचा पाऊस उरलंसुरलं धुऊन नेतो. इथे तसं होत नाही. मुंबईत वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. लंडनला ६०० च्या आसपास, पण बाराही महिने थोडा थोडा. ही रिमझिम गाळ वाहून नेत नाही, फक्त ओला ठेवते, आणि शेवाळाला हवं असतं तेच.

वर्षातून किती वेळा आणि कधी?

एकदा, पानगळ संपल्यावर. म्हणजे नोव्हेंबरची अखेर किंवा डिसेंबरची सुरुवात. ऑक्टोबरात केलंत तर निम्मी पानं अजून झाडावरच असतात. घराला लागून मोठी झाडं असतील किंवा छपरावर शेवाळ दाट असेल तर फेब्रुवारीत एक फेरी आणखी.

पन्हळ तुंबली आहे की नुसती गळते आहे, हे खालून कसं ओळखायचं?

छत्री घेऊन पावसात बाहेर जा. कोरड्या दिवशी तासभर पाहून जे कळत नाही ते भर पावसात पाच मिनिटांत कळतं.

पाणी पुढच्या कडेवरून पडद्यासारखं सांडत असेल तर पन्हळ किंवा डाउनपाइप तुंबलाय. एकाच ठिकाणी, सांध्यातून थेंब पडत असतील तर रबराचं सील गेलंय, ती दुरुस्ती आहे, सफाईने जाणार नाही. मधल्याच एका जागी सांडत असेल तर तिथला ब्रॅकेट तुटून पन्हळ लवली असण्याची शक्यता मोठी. आणि पाणी पन्हळीच्या मागून, भिंतीच्या बाजूने येत असेल तर कौलांच्या खालचं जलरोधक कापड कुजून मागे सरलंय. हे चौथं सगळ्यात वाईट, कारण त्याने फॅशिया, म्हणजे पन्हळ जिच्यावर बसवतात ती लाकडी पट्टी, कुजते आणि बेडरूमच्या छताच्या कोपऱ्यात ओल येते. तिथे काळी बुरशी दिसली की लोक डीह्युमिडिफायर विकत आणतात. आधी बाहेर जाऊन वर पाहा.

कंझर्व्हेटरी असलेल्या घरात आणखी एक खूण मिळते. छपराच्या पत्र्यावर एकाच रेषेत मातकट डाग आणि शेवाळाचे गोळे पडलेले असतील तर बरोबर त्याच्या वरची पन्हळ भरून वाहते आहे.

आमच्याकडे वरच्या पन्हळीचा डाउनपाइप थेट कंझर्व्हेटरीच्या छपरावर सोडलाय. हे बरोबर आहे का?

असं पुष्कळ घरांत असतं, आणि ते चांगलं काम नव्हे. कंझर्व्हेटरी बांधताना जुना डाउनपाइप मधे आला, तो कापला आणि तिथेच सोडून दिला. मोठ्या छपराचं सगळं पाणी पत्र्याच्या एका पट्टीवर आदळतं, तिथलं सील लवकर जातं, आणि कंझर्व्हेटरीची बारीक पन्हळ एवढं पाणी वाहून नेऊ शकत नाही. माणूस सफाईला बोलावलाच आहे तर हा पाइप आडवा वळवून बाजूने जमिनीपर्यंत नेता येईल का, ते त्याला विचारा. पुढची कितीतरी दुखणी त्याने वाचतात.

घराची भिंत आणि कंझर्व्हेटरीचं छप्पर जिथे मिळतं तिथेही एक पन्हळ आहे. तीसुद्धा साफ करायची का?

हो, आणि ती विसरू नका. घर बुटकं असेल, विशेषतः बंगला म्हणजे इथलं एकमजली घर, तर कंझर्व्हेटरी थेट वळचणीखाली जोडतात आणि मधे चौकोनी पेटीसारखी पन्हळ बसवतात. ही पन्हळ दोन्ही छपरांचं पाणी घेते. साधी पन्हळ तुंबली तर पाणी बाहेर सांडतं, ही तुंबली तर पाणी खोलीत येतं. तिला वर्षातून दोनदा पाहावं. बहुतेक वेळा तिच्या एका टोकाला जमिनीवरून पोहोचता येतं, तिथून व्हॅकची नळी आत सरकवत न्यायची.

कंझर्व्हेटरीच्या बाजूची, मोकळ्या भिंतीवरची पन्हळ शिडीवरून करू का?

तिथे शिडी नीट उभी राहत असेल, तुम्हाला चक्कर वगैरे येत नसेल आणि मदतीला दुसरं माणूस असेल तर करता येईल. शिडी पन्हळीला टेकवायची नाही. स्टँड-ऑफ नावाचा आडवा आधार मिळतो, तो लावून ती भिंतीला टेकवायची. त्यामुळे पन्हळ छातीसमोर येते आणि मागे झुकावं लागत नाही. पाया कठीण, सपाट जमिनीवर. ओल्या गवतावर किंवा डेकिंगवर नको, डेकिंगवरची बुळबुळ बुटाला लागली की पायऱ्यांवरही पाय घसरतो. चढल्यावर दोन पाय आणि एक हात कायम शिडीला. वरच्या तीन पायऱ्या वापरायच्या नाहीत. एका दमात अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ वर राहायचं नाही.

कमरेचा पट्टा शिडीच्या दोन दांड्यांच्या मधे राहिला पाहिजे. पट्टा बाहेर गेला म्हणजे तुम्ही फार झुकलात, खाली उतरून शिडी सरकवा. पुष्कळ लोक पडतात ते शेवटचा अर्धा मीटर ‘आलंच हाताशी’ म्हणून ओढायला जातात तेव्हा. कंझर्व्हेटरीच्या घरात तर हा मोह दुप्पट, कारण मोकळी भिंत संपते तिथेच पत्रा सुरू होतो. शिडीवरून पत्र्याच्या वर झुकायचं नाही. तेवढा तुकडा व्हॅकसाठी ठेवा.

शिडी विकत घेताना काय पाहायचं?

त्यावर ईएन १३१ असं मानांकन हवं. २०१८ पासून त्यात ‘प्रोफेशनल’ आणि ‘नॉन-प्रोफेशनल’ असे दोन वर्ग आहेत आणि दोन्हींची भारक्षमता १५० किलो. तीन मीटरहून उंच, टेकवायच्या शिडीला खाली रुंद आडवी पट्टी असते, ती काढून टाकू नका. घराबरोबर गॅरेजमध्ये मिळालेली जुनी लाकडी शिडी वापरू नका, रंगवलेली असेल तर मुळीच नाही. रंगाखाली चिरा दिसत नाहीत.

बाबा भारतातून आलेत. म्हणतात, ‘आयुष्यभर कौलांवर चढलोय, एवढ्याला माणूस कशाला बोलावता?’ त्यांना कसं समजवायचं?

हा प्रश्न बऱ्याच घरांत निघतो, आणि त्यामागे माया असते. मुलाचे पैसे वाचावेत, आपलाही हातभार लागावा. त्यांचं कसब खोटं नाही. कौलारू छपरावर कुठल्या वाशावर पाय द्यायचा हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. पण या छपराखाली वासाच नाही. त्यांना आत नेऊन पत्रा खालून दाखवा, कडेचे पोकळ कप्पे दाखवा. कामाची सवय असलेला माणूस ते पाहून लगेच समजतो. नुसतं सांगितल्याने जे झालं नसतं ते पत्रा पाहिल्यावर होतं.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. इंग्लंडमध्ये व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाला अपघात विभागातले उपचार मोफत मिळतात, पण रुग्णालयात दाखल केल्यापासून एनएचएस म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या दराच्या दीडपट पैसे आकारले जातात. प्रवास विमा असला तरी छपरावर चढून पडल्याचा दावा ते कसा पाहतील, हे विम्याच्या अटींवर ठरतं. बाबांना जमिनीवरची कामं पुष्कळ आहेत. कॅमेऱ्याच्या पडद्यावर लक्ष ठेवणारा दुसरा माणूस लागतोच.

माणूस बोलावताना काय विचारायचं?

फोनवरच सांगा की खाली कंझर्व्हेटरी आहे, किती बाहेर आलेली आहे आणि छप्पर कशाचं आहे. जमलं तर फोटो पाठवा. मग एकच प्रश्न विचारा, तुम्ही पन्हळीपर्यंत कसे पोहोचणार? ‘जमिनीवरून, व्हॅकने’ हे चांगलं उत्तर. ‘बाजूला मचाणाचा टॉवर उभा करून’ हेही चांगलं. ‘काळजी नको, मी हळूच वर जातो’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्या, तो कितीही स्वस्त असला तरी. पडेल तो माणूसच असेल, आणि तुमच्या घरात पडेल.

पब्लिक लायबिलिटी विम्याचा, म्हणजे कामात दुसऱ्याला इजा किंवा नुकसान झालं तर भरपाई देणाऱ्या विम्याचा, कागद मागा, मागण्यात संकोच करू नका. सफाईआधीचे आणि नंतरचे फोटो किंवा व्हिडिओ देणार का, हे विचारा. आपण स्वतः वर जाऊन तपासू शकत नाही, त्यामुळे त्याशिवाय काम झालं हे कळायला मार्ग नाही.

उंचीवरच्या कामाचे नियम इथे २००५ पासून लागू आहेत. काम करणाऱ्या व्यावसायिकाला ते पाळावेच लागतात. आपल्याच घरी स्वतः काम करणाऱ्या घरमालकाला ते बांधील नाहीत, पण त्यातला क्रम घरालाही उपयोगी आहे. उंचीवर जाणं टाळता येत असेल तर टाळा. टाळता येत नसेल तर पडणार नाही अशी सोय करा. तीही शक्य नसेल तर पडल्यावर कमीत कमी इजा होईल असं पाहा.

पन्हळ बदलायचीच असेल तर?

मग व्हॅकने भागत नाही, हात लावूनच काम करावं लागतं. कंझर्व्हेटरीच्या वरून पूल बांधल्यासारखं मचाण उभारतात, त्याचा भार दोन्ही बाजूंच्या जमिनीवर जातो. ते महाग पडतं. म्हणून एकदा मचाण आलं की पन्हळ, फॅशिया, निसटलेली कौलं आणि सांध्यांवरचे शिशाचे पत्रे, सगळं त्याच वेळी उरकून घ्यावं.

आम्ही भाड्याने राहतो. ही जबाबदारी कुणाची?

इंग्लंडमध्ये सात वर्षांपेक्षा कमी मुदतीच्या भाडेकरारात घराची बाहेरची बाजू, पन्हळी आणि पाइप यांची दुरुस्ती घरमालकाकडे असते. १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टचं अकरावं कलम तसं सांगतं. सफाईबद्दल करारात काय लिहिलंय ते वाचा. काही असलं तरी पाणी सांडताना दिसलं की फोटोसह ईमेल करा, म्हणजे तारखेची नोंद राहते. आणि ‘भाडेकरूने पन्हळ साफ करावी’ असं करारात असलं तरी कंझर्व्हेटरीच्या वर चढायला तुम्हाला कुणी भाग पाडू शकत नाही.

शेजाऱ्याच्या आवारातून जास्त सोपं आहे. त्यांनी नाही म्हटलं तर?

आधी जाऊन बोला. जोडघरांत पन्हळ बऱ्याचदा दोन्ही घरांवरून सलग जाते आणि डाउनपाइप एकाच टोकाला असतो. म्हणजे त्यांचा गाळ तुमच्याकडे येतो किंवा तुमचा त्यांच्याकडे. दोघांनी मिळून एकच माणूस बोलावला तर खर्च वाटला जातो आणि प्रश्नच मिटतो. अगदीच अडलं तर १९९२ च्या कायद्यानुसार इंग्लंड-वेल्समध्ये अत्यावश्यक देखभालीसाठी शेजारच्या जागेत जाण्याची परवानगी न्यायालयाकडून मिळवता येते. पण पन्हळीसाठी कोर्टात जायची पाळी येऊ देऊ नका.

पन्हळीत पक्ष्याचं घरटं आहे.

वापरात असेल तर हात लावू नका. १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्टखाली वापरातलं घरटं मोडणं हा गुन्हा आहे. विणीचा हंगाम साधारण मार्च ते ऑगस्ट. पिल्लं उडून गेल्यावर काढा. डिसेंबरात सफाई करण्याचा हाही एक फायदा.

घर जुनं आहे, पन्हळ प्लास्टिकची वाटत नाही.

तीन शक्यता आहेत. बिडाची असेल तर ती जड असते, आणि तिच्यावरच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं, खरवडू नका. ॲल्युमिनियमची असेल तर चिंता नाही. करडी, जाड, सिमेंटसारखी दिसत असेल तर ती ॲस्बेस्टॉसयुक्त सिमेंटची असू शकते. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली, त्याआधीच्या घरांत ते अजून आहे. अशी पन्हळ कोरडी घासू नये, तोडू नये, तिला भोक पाडू नये आणि साध्या व्हॅकनेही गाळ खेचू नये. जाणकाराला दाखवून मगच पुढे जा.

वर जाळी किंवा ब्रश बसवला तर सफाई कायमची सुटेल का?

कायमची नाही. पन्हळीत बसवायचा गोल ब्रश ओकसारखी मोठी पानं अडवतो, पण बर्चच्या बारीक बिया आणि शेवाळ त्याच्या केसांत अडकतं, आणि मग आधी तो ब्रश बाहेर काढावा लागतो. कंझर्व्हेटरीच्या वर तेच तर अवघड आहे, आणि व्हॅकची नळीही आत जात नाही. छपरावर शेवाळ असेल तर ब्रश घेऊ नका असं माझं मत. वरून बसणारी बारीक जाळी बरी, पण तिच्यावरही थर साचतो. फक्त डाउनपाइपच्या तोंडावर जाळीचा फुगा बसवणं मात्र स्वस्त आणि उपयोगी.

सफाई करताना कंझर्व्हेटरीचं छप्पर घाण झालं. ते कसं धुवायचं?

जमिनीवरूनच. लांब काठीचा मऊ ब्रश, कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे थोडे थेंब. प्रेशर वॉशर सील उखडतो. थिनरसारखी द्रावणं पॉलिकार्बोनेट खराब करतात. गाळ वाळायच्या आत धुतलात तर चोळावं लागत नाही.

तुंबलेल्या पन्हळीमुळे घराचं नुकसान झालं तर विमा मिळतो का?

बहुतेक पॉलिसींमध्ये हळूहळू झालेलं आणि देखभालीअभावी झालेलं नुकसान वगळलेलं असतं. सफाईच्या पावत्या आणि ते आधी-नंतरचे फोटो जपून ठेवा, वाद झाला तर कामी येतात.

काम झाल्यावर काय तपासायचं?

गाळ पाइपात जाऊ नये म्हणून डाउनपाइपच्या तोंडात चिंधी कोंबली असेल तर ती काढली का, हे पहिलं विचारा. ही चिंधी राहून जाते आणि पुढच्या पावसात सगळं पुन्हा सांडतं. मग पन्हळीच्या लांबच्या टोकाला नळीने पाणी सोडायला सांगा आणि तुम्ही खाली डाउनपाइप जमिनीला मिळतो तिथे उभे राहा. पाणी जोरात आणि सलग यायला हवं. थेंबथेंब येत असेल तर अडथळा पाइपात किंवा खालच्या चेंबरमध्ये आहे. कंझर्व्हेटरीची स्वतःची पन्हळही तेव्हाच उपसून घ्या, वरून निसटलेला निम्मा गाळ तिथेच येऊन बसलेला असतो. निघालेलं शेवाळ आणि चिखल बागेच्या कचऱ्याच्या डब्यात किंवा कंपोस्टमध्ये जातो. रेती वेगळी काढा, ती कंपोस्टला नको.